मार्कोसवाल्या त्या फॉरवर्डमध्ये नेमकं खरं किती?

सध्या नाशिकमधल्या भरतीच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर सकाळी पळणारी पोरं, अकॅडमीवाले सर, सोसायटीतले काका, सगळ्यांनी तो पुढे ढकललाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: शिवरायांनी जगातली पहिली मरीन फौज (म्हणजे नौदलाचं पायदळ) उभी केली, अमेरिकेने ती कॉपी मारली, आपल्याकडे तीच फौज आज मार्कोस (नौदलाचे कमांडो) म्हणून आहे, 1971 ला कराची मार्कोसनेच पेटवली आणि पाकिस्तानची गाझी पाणबुडीही त्यांनीच बुडवली, 26/11 ला मात्र त्यांना ताजच्या बाहेर बसवून ठेवलं. आणि सगळ्यात खाली "बारावी पास, थेट मार्कोस भरती" म्हणून एक लिंक.

पोरं हे पाठ करून उद्या इंटरव्ह्यूला जाऊन बोलणार, म्हणून लिहितोय.

आधी "जगातली पहिली". स्पेनवाले त्यांच्या नौदलाच्या पायदळाचा जन्म 1537 चा धरतात. इंग्रजांची रॉयल मरीन 1664 ची, डचांची 1665 ची. महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली 1657 ला आणि आरमाराचं काम त्यानंतर जोरात सुरू झालं. म्हणजे इंग्रज-डचांच्या मरीनच्या आधी आपलं आरमार होतं हे खरं, पण स्पेन शंभरेक वर्षं पुढे आहे ना भाऊ. अमेरिकेचे मरीन 1775 चे, फिलाडेल्फियात उभे राहिले, समोर नमुना ब्रिटिशांचा. ज्यांच्याशी लढायचं त्यांचंच बघून उभे केले, त्यात कोकण कुठून आलं?

आणि "पहिली" नसली तर महाराजांचं काय कमी होतं हो? 1679 चं खांदेरी बघा. ऐन पावसाळ्यात मुंबईच्या तोंडावरच्या बेटावर किल्ल्याचं बांधकाम काढलं, इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वेढा घातला, तर आपली गलबतं रात्रीच्या अंधारात थळच्या किनाऱ्यावरून उथळ पाण्यातून दाणागोटा पोचवत राहिली, मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलाग करता येईना. ऑक्टोबरात तर इंग्रजांचं डव्ह नावाचं गलबतच आपल्या लोकांनी पकडून नेलं. मायनाक भंडारी आणि दौलतखान या महाराजांच्या आरमाराच्या सरदारांची नावं त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीत. अमेरिका आहे, मायनाक भंडारी नाही, कमाल आहे.

आता "मार्कोस म्हणजे आपली मरीन". नाही. देवळालीच्या तोफखान्याला पॅरा कमांडो म्हणण्यासारखं आहे हे. मरीन म्हणजे नौदलाचं पायदळ, हजारोंच्या संख्येने जहाजातून किनाऱ्यावर उतरून जमीन ताब्यात घेणारं. मार्कोस म्हणजे नौदलाची स्पेशल फोर्स, मोजकी माणसं, घुसायचं काम करायचं निघायचं. भारताकडे वेगळी मरीन कोअर नाहीच. समुद्रातून उतरून लढायचं काम आपल्याकडे आर्मीच्या ब्रिगेड करतात, त्यातली एक तिरुवनंतपुरमला आहे, आणि त्यांना नेण्यासाठी नौदलाकडे आयएनएस जलाश्वसारखी जहाजं आहेत. आणि हा फरक काही कागदावरचा नाही. डिसेंबर 1971 मध्ये आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर गोरखा जवानांना घाईघाईत जहाजावरून उतरवायला गेले, या कामाची तयारी जवळपास नव्हतीच, जहाजं किनाऱ्याला नीट लागेनात, पाणी खोल निघालं आणि जवान बुडाले. तेव्हा "मरीनच की ते, काय फरक पडतो" असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

1971 वर तर मेसेजवाल्याने कहरच केलाय. मार्कोसची स्थापनाच फेब्रुवारी 1987 ची! तेव्हा नावही वेगळं होतं, इंडियन मरीन स्पेशल फोर्स. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर या मिसाईल बोटी, कमांडो एकही नाही. गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली, कशी बुडाली यावर वाद आहे, आपलं नौदल आयएनएस राजपूतच्या डेप्थ चार्जला, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बला, श्रेय देतं, दुसरे म्हणतात आतच स्फोट झाला. पण कोणत्याच कहाणीत पोहून गेलेला कमांडो नाही.

गंमत म्हणजे 71 ला पोहून जाऊन जहाजं उडवणारे लोक खरंच होते, आणि त्यांच्याबद्दल या मेसेजमध्ये एक ओळ नाही. मार्च 71 ला पाकिस्तानची मांग्रो पाणबुडी फ्रान्समध्ये तुलाँ बंदरात होती, तिच्यावरचे आठ बंगाली खलाशी पळून स्पेनमार्गे भारतात आले. त्यांना हाताशी धरून आपल्या नौदलाने पलाशीला भागीरथीच्या काठावर कॅम्प काढला आणि पूर्व बंगालमधल्या (आजच्या बांगलादेशातल्या) पोरांना तयार केलं, त्यातले बरेच साधे विद्यार्थी, रात्री तासन्‌तास नदीत पोहायचं, छातीला गमछाने लिंपेट माईन बांधायचा म्हणजे लोहचुंबकाने जहाजाच्या बुडाला चिकटणारा सुरुंग. 15 ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज अशा चार बंदरांत एकाच वेळी जहाजं फुटली. ही सगळी मोहीम चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक कोण? कमांडर मोहन नारायण सामंत! आपला मराठी माणूस, आधी करंज पाणबुडीचा कॅप्टन. डिसेंबरात ते स्वतः पद्मा, पलाश आणि आयएनएस पनवेल अशा छोट्या गनबोटी घेऊन मोंगला-खुलनापर्यंत आत घुसले. 10 तारखेला आपल्याच विमानांनी चुकून पद्मा आणि पलाशवर हल्ला केला, दोन्ही बोटी गेल्या, माणसं गेली. सामंतांना महावीर चक्र मिळालं. मराठी अभिमानाचा मेसेज लिहायला बसलात आणि सामंत विसरलात, मग लिहिलंत कशाला?

मार्कोसचं स्वतःचंही कमी नाहीये. स्थापना झाली त्याच वर्षी ऑक्टोबरात श्रीलंकेतल्या जाफनाच्या गुरुनगर जेट्टीपर्यंत पाण्यातून जाऊन त्यांनी एलटीटीईच्या (तमिळ बंडखोरांच्या) स्पीडबोटी उडवल्या, लेफ्टनंट अरविंद सिंग यांना महावीर चक्र. मार्च 2024 ला चाच्यांनी पळवलेल्या रुएन जहाजाच्या वेळी भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर सी-17 विमानातून त्यांना समुद्रात उतरवलं, 35 चाचे शरण आले आणि 17 खलाशी सुखरूप सुटले.

26/11 चं म्हणाल तर ताजमध्ये एनएसजीच्या (दिल्लीहून आलेल्या कमांडोंच्या) आधी मार्कोसच आत गेले होते, बाहेर बसून नव्हते. आधी आलेली तुकडी लहान होती, उशीर कुठे झाला यावर जरूर बोला. पण मार्कोसच्या प्रवीण तेवतिया यांना छातीत गोळ्या लागल्या त्या ताजच्या आत. त्यांना शौर्य चक्र मिळालं, आणि जखमी फुफ्फुस घेऊन हाच माणूस 2017 ला लडाखमध्ये खारदुंगला खिंडीतून 72 किलोमीटर धावला.

राहिली ती लिंक. मार्कोसमध्ये बाहेरून थेट भरती होतच नाही. आधी नौदलात लागायचं, खलाशी म्हणून किंवा अधिकारी म्हणून, मग आतून स्वतःहून नाव द्यायचं, मग निवड आणि ट्रेनिंग, ज्यात बहुतेक जण गळतात. नौदलाच्या भरतीची सरकारी साईट आहे, जाहिरात तिथे निघते. ग्रुपवरच्या लिंकवर आधार आणि फोटो टाकून ज्यांनी "फॉर्म भरला" म्हणून स्क्रीनशॉट टाकलेत, त्यांनी आज घरी सांगा आणि बँकेचा पासवर्ड बदला.