आकडा आधी, जमीन नंतर

जमिनीच्या मूल्यांकनाला बसण्याआधी मालकाला एवढंच विचारा: ‘किती हवेत?’ कर्जासाठी हवं असेल तर आकडा फुगवायचा, वाटणीत भावाला पैसे द्यायचे असतील तर आवळायचा. मग त्या आकड्याला शोभेल असा झोन, म्हणजे आराखड्यात जमिनीला ठरवून दिलेला वापर, शोधायला घ्या.

जमीन शेती झोनमध्ये आहे? रस्त्यापलीकडच्या निवासी प्लॉटचा दर उचला. मधे रस्ताच तर आहे! तो दर मंजूर ले-आउटमधल्या तयार प्लॉटचा असतो. रस्ते, मोकळी जागा, गटारं यांना जमीन सोडल्यावर कच्च्या १०० चौरस मीटरांतले विकायला ६०-६५ उरले तरी पुष्कळ. कुणी हे काढलंच तर ‘झोन बदलणारच आहे’ म्हणा. बदलायला सहा वर्षं लागली, तर वर्षाला १२ टक्क्यांनी वजावट करून तेव्हाच्या १०० रुपयांचे आज ५१ होतात. वर झोन बदललाच नाही तर काय, त्याचीही कात्री लावायला हवी. पण असली गणितं अहवालात घालणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

व्यापारी झोनमध्ये तर चांदी. प्लॉटचं क्षेत्रफळ गुणिले एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा), संपलं. प्लॉट १० मीटर रुंद असेल आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा, सोडायचं असेल, तर इमारतीला चार मीटर मिळतात. त्यातच जिना, लिफ्ट आणि दुकान बसवा. पूर्ण एफएसआय वापरलाच जाणार नाही, हे बघणं आर्किटेक्टचं काम. तुम्ही कशाला त्यात पडता?

एवढ्यानेही आकडा गाठला नाही, तर अवशेष पद्धत आहेच. इमारत विकून १०० येणार. बांधकाम, फी, व्याज आणि बिल्डरचा नफा मिळून ८०. जमिनीला राहिले २०. आता विक्रीचा अंदाज फक्त दहा टक्क्यांनी वाढवा आणि खर्चाला हात लावू नका. जमीन २० वरून ३० वर, म्हणजे थेट दीडपट! दहा टक्क्यांवर कोण हरकत घेतो?

औद्योगिक झोनमध्ये जुन्या कारखान्याच्या मातीत काय मुरलंय ते उकरू नका. सफाईचा खर्च वजा करावा लागतो. ट्रेलर वळेल एवढा रस्ता आहे का, वीजभार मिळेल का, हे घेणारा बघून घेईल.

पाहणीचे फोटो मालकाकडूनच मागवा. फक्त वरून गेलेली उच्चदाबाची तार त्यांत येत नाही ना, तेवढं बघा. तिच्याखालच्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही.