चिप लावली की पिकअपची ताकद वाढते आणि डिझेलही वाचतं? दाव्यातला एकेक मुद्दा

पिकअप चालवणाऱ्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचं सार असं: कंपनी इंजिनाची खरी ताकद मुद्दाम दाबून ठेवते. डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये चिप खोचा, मोठा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर बसवा, की ताकद ३५ टक्के वाढते आणि इंधन ३० टक्के वाचतं. इंजिनाला काही होत नाही, आणि चिप काढून टाकली की वॉरंटीच्या वेळी कुणाला पत्ताही लागत नाही.

यात एक अर्धसत्य आहे. बाकीचा सगळा माल त्याच्याच जोरावर खपतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

"कंपनी ताकद दाबून ठेवते"

टर्बो डिझेलच्या बाबतीत हे काही अंशी खरं आहे. एकच इंजिन दोन-तीन वेगवेगळ्या ताकदींत विकलं जातं, आणि नीट केलेल्या रीमॅपने (म्हणजे इंजिनाच्या संगणकातला इंधन आणि दाब ठरवणारा तक्ता, 'मॅप', बदलून) १५ ते २५ टक्के टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढू शकतो. पण त्या दोन मॉडेलांत फरक फक्त सॉफ्टवेअरचा असतो असं नाही. बऱ्याचदा टर्बो, इंजेक्टर, इंटरकूलर, क्लच आणि गिअरबॉक्सही वेगळे असतात.

शिवाय राखून ठेवलेली ती ताकद वाया जात नसते. मोटारीत एक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो तो ओव्हरटेक करताना, दहा सेकंद. भरलेली पिकअप लांब चढावर तोच एक्सिलरेटर वीस मिनिटं दाबून धरते. तेही उन्हात, उंचीवरच्या विरळ हवेत, कधी सुमार डिझेलवर. कारखान्यातला मॅप या वीस मिनिटांसाठी बेतलेला असतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात तर सॉफ्टवेअरने काढण्यासारखं फारसं काही नसतंच. पाचेक टक्के मिळाले तरी पुष्कळ.

"सॉकेटमध्ये चिप खोचली की झालं"

त्या सॉकेटला १६ पिना असतात. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा कायम चालू असलेला पुरवठा, ४ आणि ५ वर अर्थ, ६ आणि १४ वर कॅन बसच्या (गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याच्या) दोन तारा. स्वस्त चिप उघडली की आत बहुधा एक लहानसा मायक्रोकंट्रोलर, दोन-तीन एलईडी आणि एक बटण सापडतं. कॅन बसशी बोलण्यासाठी लागणारा ट्रान्सीव्हर नसतो. म्हणजे ती गाडीचं ऐकूही शकत नाही, मग बदलणार काय? दिवे मात्र लुकलुकतात, आणि १६ नंबरची पिन चालूच असल्यामुळे उभ्या गाडीची बॅटरी थोडी थोडी खात राहतात.

ट्रान्सीव्हर असता तरी ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) मेमरीत नवा मॅप लिहायला आधी सुरक्षा-कुलूप उघडावं लागतं, प्रोग्रामिंग मोडमध्ये जावं लागतं आणि त्या मॉडेलची नेमकी फाइल लागते. हे काम इंजिन बंद ठेवून होतं, चालत्या गाडीत नाही.

मग लावल्यावर फरक का जाणवतो? सोबतच्या कागदावर 'आधी बॅटरी काढा, मग दोन-अडीचशे किलोमीटर चालवा' असं लिहिलेलं असतं. बॅटरी काढली की ईसीयूने शिकलेल्या इंधनाच्या आणि थ्रॉटलच्या दुरुस्त्या बऱ्याच गाड्यांत पुसल्या जातात. त्या पुन्हा शिकेपर्यंत गाडी वेगळी वाटते, आणि श्रेय चिपला जातं.

"सॉकेटची नको, तारांना जोडायची पेटी घ्या, ती खरी"

या पेट्यांचा परिणाम खरंच होतो, म्हणून इथे जास्त काळजी हवी. त्या तीन प्रकारच्या असतात.

पहिली पेडल पेटी. एक्सिलरेटर सेन्सरचा सिग्नल ती फुगवून पुढे पाठवते. तुम्ही ३० टक्के दाबलंत की ईसीयूला ५० दिसतात. पूर्ण दाबलं की आधी मिळत होतं तेवढंच मिळतं. यात ताकदीचा प्रश्नच येत नाही.

दुसरी रेझिस्टरची. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर हवा थंड असली की जास्त रोध दाखवतो. नेहमीच्या प्रकारात २० अंशांना साधारण अडीच किलोओहम, शून्य अंशांना सहाच्या आसपास. त्याच्या जागी सहा किलोओहमचा रेझिस्टर बसवला की ईसीयूच्या लेखी हवा बारा महिने शून्य अंशांवर. पेट्रोल गाडीत सपाट रस्त्यावर ऑक्सिजन सेन्सर जास्तीचं इंधन पुन्हा कापून टाकतो. पूर्ण एक्सिलरेटरवर मात्र तापलेल्या हवेसाठी ठिणगी मागे घ्यायची असते, ती घेतली जात नाही, आणि इंजिन ठोकायला लागतं. डिझेलमध्ये ताकद जवळपास वाढतच नाही, कारण हवेचं वजन एअर मास सेन्सर वेगळं मोजतो. फक्त गरम हवेत इंधन कमी करणारं संरक्षण आंधळं होतं.

तिसरी रेल प्रेशर पेटी. हिने ताकद खरी वाढते. कॉमन रेलवरचा (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीवरचा) सेन्सर दाबानुसार साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट देतो. पेटी तो व्होल्टेज कमी करून दाखवते. ईसीयूला १६०० बार हवेत, पण दिसतात कमी, म्हणून तो पंपाला दाब वाढवायला लावतो. सेन्सरवर १६०० दिसतात तेव्हा रेलमध्ये खरे १८०० असतात. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दाब साडेबारा टक्के वाढला, तर इंधन सहा टक्के. एवढ्या सहा टक्क्यांसाठी पंप, इंजेक्टर आणि रेलची सुरक्षा झडप सतत मर्यादेजवळ काम करतात. झडप एकदा उघडली की पुढे ती गळत राहण्याची शक्यता असते. मग गरम इंजिन उशिरा सुरू होतं, चढावर पी००८७ हा रेलमधला दाब कमी पडल्याचा कोड येतो, आणि दोष पंपावर ढकलला जातो.

ईसीयू इंजिनाला वाचवतो तो मोजमापाच्या जोरावर. या पेट्या बिघडवतात ते मोजमापच.

"३० टक्के इंधन वाचतं, डॅशबोर्डवर दिसतंच"

डॅशबोर्डवर दिसतं हे खरं आहे, आणि लोक फसतात ते इथेच. ॲव्हरेजचा आकडा टाकीत मोजलेला नसतो. ईसीयूने किती इंधन सोडायला सांगितलं, त्यावरून तो काढलेला असतो. रेल प्रेशर पेटी लावल्यावर खरं इंधन हिशेबापेक्षा सहा टक्के जास्त जातं. तोच वेग राखायला पाय थोडा सैल होतो, ईसीयूची मागणी सहा टक्के कमी होते, आणि पडद्यावर ॲव्हरेज सुधारलेलं दिसतं. टाकीतून तेवढंच डिझेल गेलेलं असतं.

चांगलं डिझेल इंजिन आपल्या सर्वोत्तम बिंदूवर इंधनातली ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामात आणतं. इंधन ३० टक्के कमी लागायचं, तर तोच आकडा ५७ वर जायला हवा. जहाजांवरची अवाढव्य संथ इंजिनंही पन्नाशीच्या थोडीच पुढे जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त साधनं तपासली आहेत. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही साधन तिला सापडलं नाही.

स्वतः तपासायचं असेल तर एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा बंद होईपर्यंत टाकी भरा. चिपशिवाय तीन टाक्या, चिपसह तीन, पुन्हा चिपशिवाय तीन. ओझं, रस्ता आणि टायरमधली हवा तीच ठेवा. मधे मोठे टायर बसवले असतील, तर व्यास जितके टक्के वाढला तितकं अंतर ओडोमीटर कमी दाखवतो. ते जीपीएसवरून दुरुस्त करून घ्या.

"मोठा फिल्टर, मोकळा सायलेन्सर"

स्वच्छ मूळ फिल्टर हवेला फारसा अडवत नाही. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९च्या चाचण्यांत आधुनिक पेट्रोल इंजेक्शन गाड्यांचा फिल्टर तुंबवल्यावरही ॲव्हरेज लक्षणीय घटलं नाही. घटला तो वेग पकडण्याचा जोर. बॉनेटखाली उघडा बसवलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो, आणि दर १० अंशांमागे हवेची घनता सुमारे तीन टक्के उतरते. तेल लावलेल्या सुती फिल्टरचं तेल जास्त झालं तर ते एअर मास सेन्सरच्या तारेवर बसतं आणि त्याचं मोजमाप चुकतं.

टर्बो डिझेलमध्ये बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) किती द्यायचा हे ईसीयू ठरवतो. मॅप तोच असेल तर मोकळ्या सायलेन्सरने आवाज वाढतो, ताकद जवळजवळ तेवढीच राहते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकणं बहुतेक देशांत बेकायदा आहे.

"इंजिनाला काही होत नाही"

सर्वात आधी बोलतो तो क्लच. टॉप गिअरमध्ये १५०० ते १८०० आरपीएमवर एक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. त्यानंतर पाळी उष्णतेची. टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान ७०० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं, तर पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो तिन्ही धोक्यात येतात. मूळ डॅशबोर्डवर हे तापमान दिसत नाही. कूलंटचा काटा मधोमध असताना पिस्टन तडकू शकतो.

धूर वाढला की डीपीएफ लवकर भरतो आणि वारंवार स्वतःला जाळून साफ करतो. त्यासाठी उशिरा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर आनंद मानू नका, ताबडतोब ऑइल बदला.

"काढली की कळत नाही"

रीमॅप केला असेल तर मॅपचा ओळख क्रमांक आणि पडताळणी क्रमांक स्कॅनरवर दिसतात. बऱ्याच ईसीयूंमध्ये किती वेळा लिहिलं गेलं याची मोजणीही असते. मूळ फाइल परत टाकली तरी ती मोजणी मागे जात नाही. पेटीच्या बाबतीत साठलेले फॉल्ट कोड, त्या क्षणीच्या नोंदी आणि कनेक्टरवरचे ओरखडे उरतात.

ताकद खरंच हवी असेल तर

आधी गाडी मूळ ताकदीवर आहे का ते बघा. फॉल्ट कोड वाचा, डिझेल फिल्टर बदला, चाकं हाताने मोकळी फिरतात का पाहा. इंजिन बंद ठेवून, रेग्युलेटर लावून टर्बोच्या पाइपांत एक ते दीड बार हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडा. इंटरकूलरचा पाइप फाटलेला निघणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे, की अनेकांना हवी असलेली ताकद तो पाइप बदलूनच परत मिळते.

त्यानंतरही रीमॅप करायचाच असेल तर पेटी नको, ईसीयूमधला मॅपच बदलून घ्या. आधी तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून वर पूर्ण एक्सिलरेटरवर बूस्ट, रेल प्रेशर आणि हवेचं वजन, मागितलेलं आणि मिळालेलं, दोन्ही नोंदवा. मूळ फाइल जपून ठेवा. लिहिताना बॅटरीला स्थिर पुरवठा जोडा. मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो. ओझ्याच्या गाडीत टॉर्क १५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, आणि १८०० आरपीएमच्या खाली अजिबात वाढवू नका. कमी फेऱ्यांवरचा जादा टॉर्क बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि ड्युअल मास फ्लायव्हीलवर सरळ आदळतो. तापमानानुसार इंधन कापणाऱ्या मर्यादा जशाच्या तशा राहू द्या. एक्झॉस्ट तापमानाचा प्रोब टर्बोच्या आधी बसवा आणि मीटर डोळ्यासमोर ठेवा. मग पूर्ण ओझं घेऊन त्याच चढावर जा आणि त्याच नोंदी पुन्हा काढा. मागितलेला बूस्ट मिळत नसेल, किंवा आरशात काळा धूर दिसत असेल, तर मॅप चुकलाय. तो कमी करून घ्या.