“नुसत्या काड्या” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, आमच्या द्राक्षबागेच्या आणि वाइनरीच्या टूरवरचा तुमचा रिव्ह्यू वाचला, २ स्टार दिलेत. २ ऑक्टोबरला ड्राय डे असतो, वाइन टेस्टिंग होणार नाही, हे बुकिंग घेताना तोंडी सांगायला हवं होतं. कन्फर्मेशनच्या मेसेजमध्ये खाली एक ओळ होती पण ती कोण वाचतं, मान्य. दादरहून निघून कसारा घाट चढून दिंडोरीपर्यंत यायचं आणि ग्लासात काहीच नाही म्हटल्यावर राग येणारच. सॉरी. टूरचे पैसे परत केलेत, एकदा अकाउंट बघून घ्या.

पण “फोटोत द्राक्षं दाखवतात आणि बागेत नुसत्या काड्या, सरळ फसवणूक” आणि “तिथला म्हातारा लहान मुलावर खेकसला” हे जे लिहिलंय त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. मुलुंडला घरी बसून तिसऱ्यांदा लिहितेय हे उत्तर, आधीची दोन ह्यांनी डिलीट करायला लावली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला काड्याच असतात हो. आपल्या नाशिककडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार व्हायला, आणि पाऊस सरता सरता गोडी छाटणी, ती फळासाठी. बाग अगदी भुंडी दिसते, मी मुंबईची, लग्न होऊन गेले तेव्हा मलाही वाटलेलं की बाग मेली. लवकर छाटून हिरवीगार करता येते, पण मग परतीचा पाऊस फुलोऱ्यात गाठतो आणि डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आला की वर्षाची कमाई गेली. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत, तो फोटो फेब्रुवारीतला आहे, आमच्याच बागेतला आहे, कुठून उचललेला नाही.

आता “म्हातारा”. ते माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, ७३ वर्षांचे आहेत आणि अजून प्रत्येक ओळ स्वतः फिरून बघतात. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे, पेस्ट लावतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. ते औषध साधंसुधं नाही, हायड्रोजन सायनामाइड असतं त्यात, कातडीला लागलं तर भाजल्यासारखं होतं. लावणारी माणसं हातमोजे घालून असतात आणि त्या दिवसांत दारूला शिवायचं नाही असं आबांचं सक्त सांगणं असतं, कारण ते अंगात गेलेलं असताना प्यायलं की चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, माणूस आडवा होतो. वाइनरीत राहून आमची माणसं तेवढे दिवस कोरडी! तर तुमचा मुलगा दोरी ओलांडून त्या ओल्या ओळीत पळत गेला, काडी धरायला हात वर केला, आणि आबा लांबून ओरडले. त्यांचा आवाज मोठाच आहे, आयुष्य शेतात गेलंय, जवळ जाऊन “बाळा, असं करू नये” म्हणायला वेळ नव्हता. तुम्ही तेव्हा गाडीपाशी होतात. हातातल्या बाटलीत काय होतं ते मी इथे लिहीत नाही, पण ड्राय डेची तक्रार वाचून जरा हसू आलं एवढंच.

बुकिंग ११ चं होतं, तुम्ही पोचलात पावणेदोनला. भिवंडीचं ट्रॅफिक मलाही माहितीये, दर शनिवारी तेच खाते. पण ११ ला तुम्हाला फिरवायला माझी नणंद थांबलेली, ती सगळं समजावून सांगते, दुपारी ती टाक्यांकडे गेलेली आणि बागेत एकटे आबा.

तीन एकर बाग, घरातली पाच माणसं आणि एकूण २६ रिव्ह्यू, त्यात “फसवणूक” हा शब्द सगळ्यात वर दिसतोय. कालपासून दोन बुकिंग कॅन्सल झाली, तुमच्यामुळेच असं म्हणत नाही. आबांना रिव्ह्यू दाखवलेला नाही. बाकी पेस्टिंगच्या दिवसांत काहीतरी बोर्ड वगैरे लावायचं चाललंय, आणि वेबसाइटवर काड्यांचेही फोटो टाकू, माझे मिस्टर करतो म्हणालेत.

आणि हो, मुलाची निळी टोपी त्या ओळीत राहिली होती. आबांनीच उचलली, दोनदा धुवून घेतली, मी येताना मुलुंडला आणलीये. तुम्हाला दोनदा फोन केला, उचलला नाहीत. बुकिंगच्या नंबरवर पत्ता पाठवा, कुरियर करते.