सभागृह नको, आधी छत दुरुस्त करा

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे: सुवर्णमहोत्सवानिमित्त नवं सभागृह. कॉलेज सातारा जिल्ह्यातलं, मुलं बहुतेक शेतकऱ्यांची. सायन्सच्या इमारतीचा स्लॅब गळतो, प्रयोगशाळेच्या छताचे पोपडे पडतात, मुलींचं एक स्वच्छतागृह कायम कुलूपबंद असतं. हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. मी सुचवलं की जमलेल्या पैशांतली मोठी रक्कम मुदत ठेवीत टाका आणि व्याजातून दरवर्षी मे महिन्यात डागडुजी करा. उत्तर आलं, "दादा, दुरुस्तीला देणगी कोण देतं? नाव कुठे लावणार?"

या उत्तराचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

मी कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या, फॅसिलिटीज (इमारतींच्या देखभालीच्या) विभागात नोकरी करतो. कुठलं छत कधी घातलं, इमारत थंड ठेवणारा कुठला चिलर किती वर्षं चालला, याची नोंद ठेवणं हे माझं काम. प्रत्येक इमारतीच्या थकलेल्या दुरुस्तीचा खर्च किती आणि तीच इमारत आज नव्याने बांधायला किती लागतील, याचं प्रमाण आम्ही काढतो. ते दहा टक्क्यांच्या वर गेलं की इमारतीची प्रकृती वाईट समजायची. राज्याकडे नव्या वर्गखोल्यांसाठी पैसे मागायचे तर असलेल्या खोल्या किती वापरात आहेत, हे आधी दाखवावं लागतं. आमच्या गावच्या सभागृहाचा प्रस्ताव तिथेच अडला असता. वर्षातून दोनदा स्नेहसंमेलन आणि एकदा पुढाऱ्याचा सत्कार, एवढाच त्याचा वापर होणार आहे.

मार्च 1933 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला भूकंप झाला आणि शाळा कोसळल्या. संध्याकाळची वेळ होती म्हणून मुलं वाचली. महिन्याभरात राज्याने फील्ड कायदा केला. सार्वजनिक शाळांच्या इमारतींचे नकाशे सरकारी तपासणीतून जाऊ लागले, ते आजतागायत. आमच्या जिल्ह्याने 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप सोसला आहे. तरीही आमच्या कॉलेजच्या भिंतीतली भेग किती वाढली, हे मोजणारा माणूस तिथे नाही.

"तिकडे पैसा आहे," हे दुसरं उत्तर. पैसा आहे, पण तो कसा येतो ते पाहा. 2000 साली राज्यातल्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन 39 या कायद्याप्रमाणे 55 टक्के मतदारांनी होकार दिला तर बाँड (कर्जरोखा) निघतो, नागरिकांची समिती आणि दरवर्षीचं ऑडिट त्याच्या मानेवर बसतं. मात्र तो पैसा पगाराला किंवा रोजच्या खर्चाला वापरता येत नाही. त्यामुळे नवी इमारत उभी राहते आणि प्लंबरची जागा रिकामी राहते. 2022 मध्ये राज्याने थकलेल्या दुरुस्त्यांसाठी घसघशीत रक्कम दिली, पुढच्याच वर्षी निम्म्याहून जास्त परत घेतली. ॲपलच्या कुपर्टिनो गावातल्या डी अँझा कॉलेजमधलं फ्लिंट सेंटर हे सभागृह 1971 चं. 1984 मध्ये स्टीव्ह जॉब्सने ॲपलचा मॅकिंटॉश संगणक तिथेच लोकांसमोर आणला. दुरुस्तीचा आणि चालवण्याचा खर्च झेपेना म्हणून ते 2019 मध्ये बंद करून पाडायचं ठरलं. ॲपलच्या गावातल्या कॉलेजला जे सभागृह सांभाळता आलं नाही, ते सांभाळायला आमच्या संस्थेकडे कुठून पैसे येणार? शासनाचं अनुदान पगारापुरतं. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की रंग लावायचा, आणि समिती गेली की गळती पुन्हा सुरू.

आणि हे शहाणपण आपल्याला अमेरिकेने शिकवायला नको होतं. कर्मवीर भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' याच साताऱ्यात रुजवलं. शिकणाऱ्याने अंगमेहनत करावी, संस्थेचं काम आपलं मानावं, हा आमच्या मातीतला विचार आहे. आज त्याच मातीत दुरुस्तीला कमीपणा आला, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी एका वर्गमित्राने लिहिलं, "तू पैसे पाठव, सल्ला नको." ते मनाला लागलं, कारण इथेही माझं तेच आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, घर घेतलं आहे. कॉलेजच्या बाँडची परतफेड माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून होते, पण त्या बाँडवर मत द्यायचा हक्क मला नाही. निवडणुकीच्या दिवशी सहकारी शर्टावर मतदानाचं स्टिकर लावून येतात, तेव्हा मी विषय बदलतो. म्हणून गावच्या कॉलेजबद्दल बोलायचा हक्क मी सोडणार नाही. तिथे मी शिकलो, प्रयोगशाळेत बादल्या ठेवून प्रॅक्टिकल केलं.

खजिनदारांना कळवलं आहे: माझी देणगी सायन्स विंगच्या वॉटरप्रूफिंगसाठी आणि त्या स्वच्छतागृहाच्या नळांसाठीच घ्या, पावतीवर तसं लिहा, नाव कुठेही लावू नका. काम मे अखेरीला संपायला हवं, नाहीतर आणखी एक पावसाळा वाया जाईल. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं नाही तर मी प्राचार्यांना फोन करणार आहे.