'काबरं' विचारणाऱ्यांच्या बाजूने

मे महिन्यात आठ दिवस भुसावळला माहेरी आले आहे. परवा रात्री जेवणं आटोपली, घरात पंख्याखालीही बसवत नव्हतं म्हणून सगळे ओट्यावर आलो. मोबाईलवर एका अनोळखी मुलाचा प्रश्न समोर आला : "रेल्वेच्या रुळांखाली एवढी खडी का टाकतात? सरळ सिमेंट का नाही करत?"

खालच्या प्रतिक्रिया वाचल्या आणि फार वाईट वाटलं. "गूगल बंद पडलंय का?" "भाऊ, शाळेत गेला नव्हता का?" "रिकामटेकडे प्रश्न." तीस-पस्तीस जणांनी वेळ काढून लिहिलं होतं, पण उत्तर एकानेही दिलं नव्हतं.

आणि त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापासून हातभर अंतरावर खाटेवर पडलं होतं. आमचे आबा. भुसावळ विभागात गँगमन म्हणून लागले आणि उभी हयात रुळावर काढून निवृत्त झाले. मी मुलाचा प्रश्न त्यांना वाचून दाखवला. आबा उठून बसले. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "अशी बसते खडी. नदीतला गोटा चालत नाही, तो घरंगळतो. खडीले कोपरे पाहिजेत."

मग ते बोलतच गेले. गाडीचं वजन रुळावर येतं, रुळाचं स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळयांवर, आणि स्लीपरचं खडीवर. खडी ते पसरवून मातीला देते, म्हणून माती दबत नाही. पावसाचं पाणी खडीतून निघून जातं, गवत माजत नाही. पण खरं काम उन्हाळ्यातलं. "रूळ तापला की लांब व्हाले पाहतो. पुढे जागा नाही, मग आडवा वाकतो. त्याले दोन्ही बाजूंनी दाबून कोण धरतं? खडीच ना." मी नंतर हिशेब मांडून पाहिला. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला आणि तो ४० अंशांनी जास्त तापला, तर जवळजवळ अर्धा मीटर वाढेल. ही एवढी ताकद खडी जागच्या जागी अडवून ठेवते. म्हणूनच ऐन दुपारी, जेव्हा गावातलं कुत्रंही सावली सोडत नाही, तेव्हा आबा आणि त्यांचे सोबती रूळ तपासत चालायचे. लहानपणी आम्हाला एवढंच कळायचं की आबा दुपारी घरी नसतात. का नसतात, ते मला परवा कळलं.

आणि सिमेंटचं? मुलाचा प्रश्न अगदी नेमका होता. मेट्रोत आणि कित्येक बोगद्यांत खडी नसतेच, रूळ काँक्रीटवरच बसवतात. पण त्याला खर्च फार, आणि खालची जमीन हलली की दुरुस्ती अवघड. आबा म्हणाले, "आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. खडी असली तं बीटरनं खडी ठोकून रूळ पुन्हा उचलता येतो. सिमेंटले काय करशील?"

मी हे सगळं त्यांच्याच शब्दांत टाइप केलं आणि टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत असतानाच आबांनी विचारलं, "त्या पोरानं अजून काही विचारलं का?"

दिवसभरात त्यांनी तीनदा विचारलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या कामाबद्दल त्यांना कुणी प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. आम्ही पोरांनीही नाही विचारला. पेन्शन जमा झाली का, गोळी घेतली का, एवढंच आम्ही विचारतो. एका अनोळखी पोराने त्यांना ते विचारलं, जे त्यांना जगात सगळ्यात चांगलं येतं.

म्हणून आज हे लिहितेय. "गूगल कर ना" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एका वाक्यात दोन माणसांचं तोंड बंद होतं, विचारणाऱ्याचं आणि ज्याला सांगता आलं असतं त्याचंही. गूगलवर तेच सापडतं जे कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलंय. आबांनी आयुष्यात रजेच्या अर्जाशिवाय काही लिहिलं नाही. त्यांच्यासारख्यांजवळचं बाहेर यायचं असेल तर कुणीतरी विचारावंच लागतं.

आमच्याकडे 'का' म्हणत नाहीत, 'काबरं' म्हणतात. 'काबरं आला नाहीस?' 'काबरं रडते?' त्यातला तो 'बरं' मला फार जवळचा वाटतो. नुसत्या 'का'मध्ये जाब विचारल्यासारखं होतं. 'काबरं' म्हटलं की समोरच्याच्या शेजारी जाऊन बसल्यासारखं वाटतं.

सातवीत असताना मी वर्गात असाच एक काबरं विचारला होता. "सर, केळीला बी काबरं नसतं?" सरांनी विचारलं, "परीक्षेला येणार आहे का?" वर्ग हसला. मी खाली बसले आणि त्यानंतर दहावी होईपर्यंत शाळेत एकही प्रश्न विचारला नाही. त्या सरांचा राग आता उरलेला नाही. पण गप्प बसायची सवय लागते ती सहज सुटत नाही, हे मात्र अनुभवाने सांगते. पुढे लग्न होऊन रावेर तालुक्यात गेले, तर तिथे दाराबाहेर पाऊल टाकलं की केळीच केळी. रोज तो प्रश्न समोर उभा, आणि विचारायची लाज वाटायची. केळी पिकवणाऱ्या घरातल्या सुनेने केळीबद्दल विचारायचं कसं?

शेवटी दोन-तीन वर्षांपूर्वी, रात्री सगळे झोपल्यावर, अनोळखी लोकांमध्ये विचारला. समोर ओळखीचं कुणी नव्हतं म्हणूनच हिंमत झाली. अनोळखी माणसाला विचारण्यात ही मोठी सोय आहे. आपण कुणाची सून, कितवी शिकलेली, हे त्याला माहीत नसतं.

उत्तर दिलं ते कोल्हापूरकडच्या, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंनी. पहिलंच वाक्य : "घरात केळं आहे का? उभं चिरा आणि मधोमध बघा." मी स्वयंपाकघरातला दिवा लावला, केळं सोललं, उभं चिरलं. मधल्या रेषेवर बारीक काळपट ठिपके, खसखशीपेक्षा थोडे मोठे. आयुष्यभर खात आले, तरी नीट पाहिले नव्हते. "तेच बी आहे," ताईंनी लिहिलं, "धरलंच नाही एवढंच." मग म्हणाल्या, आता दुसऱ्या केळ्याच्या टोकाला अंगठ्याने हळू दाब द्या. दिला. केळं लांबीत आपोआप तीन फाकांत सुटलं. फुलात बीजकोशाचे तीन कप्पे असतात, त्याच्या त्या खुणा.

पुढचं त्यांनी समजावलं ते इतकं सोपं होतं की मी सासऱ्यांना जसंच्या तसं सांगू शकले. बहुतेक झाडांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, आपण खातो त्या केळीत तीन. बी धरायला संचांची सारखी वाटणी व्हावी लागते, आणि तिनाचे दोन सारखे वाटे पडत नाहीत. म्हणून बी नाही. परागकण न लागताही फळ मात्र धरतं. रानकेळीत बी असतं, काळं, टणक, दाताखाली आलं तर दात दुखेल असं. आणि बी नाही म्हणूनच आपण कंद लावतो, नाहीतर प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूकल्चरची रोपं आणतो. म्हणजे बागेतलं प्रत्येक झाड हे शेजारच्या झाडाची हुबेहूब नक्कल. यातला धोकाही ताईंनी सांगितला. ग्रो मिशेल नावाची केळी एकेकाळी जगभर निर्यात व्हायची. पनामा रोग आला, सगळी झाडं सारखीच असल्याने कुठल्याच झाडाला त्याच्यापुढे टिकाव धरता आला नाही, आणि १९६० च्या आसपास तो व्यापार कॅव्हेंडिशकडे वळला. आमच्या बागेतली ग्रँड नैन ही त्याच कॅव्हेंडिशच्या घराण्यातली.

सासरे ऐकत होते. ते दुसऱ्या दिवशी बागेत गेले तेव्हा कितीतरी वेळ नुसते झाडांकडे पाहत उभे होते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, गावात केवढा आनंद झाला होता. पण ज्या प्रश्नावर अख्ख्या तालुक्याचं पोट अवलंबून आहे, तो सातवीतल्या पोरीने विचारला तेव्हा परीक्षेला येणारा नव्हता.

आता देण्याची पाळी माझी होती. मागच्या उन्हाळ्यात रत्नागिरीच्या एका बाईंनी विचारलं, "नवा माठ आणला, पण पाणी गार होत नाही. माठ फसवा निघाला का?" त्यांनाही दोघा-तिघांनी फ्रिज घ्यायचा सल्ला दिलाच. मी मात्र लगेच लिहिलं, कारण माठाचं शास्त्र आम्हा खानदेशी बायकांना हाताने माहीत असतं. माठ पाझरतो, बाहेरून ओला राहतो, ते पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडायला ५८० कॅलरीच्या आसपास उष्णता लागते. आमच्याकडे मेमध्ये हवा एवढी कोरडी की दोरीवरचं धोतर तासाभरात वाळतं, त्यामुळे माठ थंडगार. तुमच्याकडे हवेतच पाणी भरलेलं, मग माठातलं उडणार कुठे? माठ चांगला आहे ताई, हवा ओली आहे. आमचा कूलरही याच कारणाने तुमच्याकडे नुसता दमट वारा देईल. माठ खिडकीत, वाहत्या वाऱ्यात ठेवा, ओलं फडकं गुंडाळा, थोडा फरक पडेल. आणि साबणाने घासू नका, छिद्रं बुजतात.

त्यांनी लिहिलं, "माठवाल्याला उगाच बोलले मी. उद्या जाऊन सांगते त्याला." हे वाचून मला जे समाधान मिळालं ते कशात मोजू?

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायची आहे. सगळंच अनोळखी लोकांना विचारायचं नसतं. एका मुलीने विचारलं होतं, भाकरी टाकताना तव्याचा चटका बसला, काय लावू? टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ, धडाधड सल्ले आले. सगळे प्रेमाने दिलेले, आणि सगळे चुकीचे. शेवटी एका नर्सताईंनी लिहिलं : काही लावू नका, वीस मिनिटं नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरा, फोड फोडू नका, मोठं असेल तर दवाखाना. ते उत्तर सगळ्यात खाली होतं. तोवर त्या मुलीने टूथपेस्ट लावून घेतली होती. बागेत पाणी द्यायला गेलेल्याला साप चावला तर मोबाईलवर प्रश्न टाकायचा नाही, १०८ लावायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा. अशा वेळी प्रतिक्रियांची वाट पाहणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि बाकी वेळी उत्तर देणाऱ्यानेही स्वतःला विचारावं, हे मी केलंय, पाहिलंय, शिकलेय, की कुठून तरी आलेलं पुढे ढकलतेय? ऐकीव असेल तर ऐकीव आहे म्हणून सांगावं. त्यात कमीपणा नाही.

माझी मुलगी म्हणते, "आई, आता मोबाईललाच विचार, तो लगेच सांगतो." सांगतो, खरं आहे, आणि मीही विचारते. पण मोबाईल दुसऱ्या दिवशी दात घासताना विचारत नाही की त्या पोरानं अजून काही विचारलं का.

आमच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. जळगावजवळच्या असोद्याची ती माय, लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं बोलणं तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. कुणी ऐकणारं नसतं तर ते जात्याच्या घरघरीतच विरलं असतं. विद्यापीठाच्या कमानीखालून जाताना मला दरवेळी वाटतं, असोद्यात, फैजपुरात, चोपड्यात अशा किती जणी असतील, ज्यांना अजून कुणी काही विचारलेलंच नाही.

आज संध्याकाळी आई अंगणात सडा टाकत होती. दिवसभर तापलेली माती, पहिला तांब्या पडला आणि तो वास उठला. आई थांबली आणि म्हणाली, "मातीले पाणी लागलं की असा वास काबरं येतो गं?" मी वाचलेलं सांगितलं. मातीत बारीक जिवाणू असतात, ते जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, पाणी पडलं की ते हवेत उडतं, आणि आपलं नाक ते अगदी कणभर असलं तरी ओळखतं. पावसाच्या या वासाला पेट्रिकोर हे नाव १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दिलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. रिकामा तांब्या बादलीत बुडवला आणि म्हणाली, "ते झालं. पण आपल्या काळ्या मातीचा वास न् कोकणातल्या लाल मातीचा वास एकच राहतो का? तुझ्या त्या लोकांले विचार बरं."

तर विचारतेय. तुमच्या गावची माती कोणती, आणि पहिल्या पावसात तिचा वास कसा येतो? काळीवाले, लालवाले, नदीकाठचे, मुरमाड रानातले, सगळ्यांनी सांगा. मी आईला एकेक उत्तर वाचून दाखवणार आहे, ती ओट्यावर बसली आहे.