आठवडा क्रमांक २८

आमच्या अण्णांनी नव्वदच्या दशकात गोव्यात एक आठवडा विकत घेतला. जागा नव्हे, आठवडा. रिसॉर्टमधल्या वन बेडरूमवर दर वर्षी सात दिवस आपला हक्क, तोही ९९ वर्षं. अण्णा गेले, त्यांचं घड्याळ धाकट्याकडे गेलं, पुस्तकं वाचनालयात गेली आणि आठवडा माझ्या वाट्याला आला. फाइलवर त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलंय, 'गोवा प्रॉपर्टी'. आत क्रमांक २८.

अशा आठवड्याच्या मालकीला टाइमशेअर म्हणतात, आणि त्याच्या कॅलेंडरात वर्षाच्या आठवड्यांना नंबर असतात. ५१ आणि ५२ म्हणजे नाताळ आणि थर्टी फर्स्ट. त्यांचे मालक कॉलर ताठ करून फिरतात. २८ म्हणजे भर जुलै. किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले, समुद्रात जाऊ नका म्हणून लाल बावटे, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. म्हणजे ज्या सुरमईसाठी माणूस गोव्याला जातो, ती बर्फातली. मेंटेनन्सचं बिल मात्र बारमाही. तुम्ही जा, नका जाऊ, ते येतं. वर जीएसटी घेऊन येतं.

मग घरात दोन पक्ष पडले. बायको म्हणाली, एक्सचेंज करू. मेहुणा म्हणाला, "दाजी, भाड्याने देऊन टाका."

एक्सचेंजची कल्पना कागदावर झकास आहे. आपला आठवडा कंपनीकडे जमा करायचा आणि दुसऱ्या कोणीतरी जमा केलेला, दुसऱ्या गावचा उचलायचा. दर वर्षी त्याच खोलीत त्याच तारखांना जाऊन लोक कंटाळतात, हे ओळखून डीहान नावाच्या जोडप्याने १९७४ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला आरसीआय ही अदलाबदलीची कंपनी काढली. ज्या राज्याला समुद्रच नाही, तिथल्या लोकांना हे सुचणारच. दोन वर्षांनी मायामीत इंटरव्हल इंटरनॅशनल आली. आमचं रिसॉर्ट कोणाशी जोडलेलं आहे, ते राहू दे.

बायकोने स्वित्झर्लंडपासून शोधायला सुरुवात केली. कस्टमर केअरच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात आम्हाला 'ट्रेडिंग पॉवर' समजावली. सीझन कुठला, त्या गावाला मागणी किती, खोली केवढी, आठवडा किती आधी जमा केला, यावर तुमची पत ठरते. लाल सीझनवाल्यांची पत मोठी, पांढऱ्यांची मधली, आणि आमचा निळा. पत्रिका जुळवताना मुलाचा पगार ऐकून समोरच्यांचा आवाज जसा मऊ होतो, तसा तिचा झाला. सभासदत्वाची फी वेगळी, अदलाबदलीची फी वेगळी. आपल्याऐवजी पाहुणा पाठवायचा तर गेस्ट सर्टिफिकेट, त्याचे पैसे वेगळे. आणि असा मिळालेला आठवडा भाड्याने द्यायला सक्त मनाई.

"आत्ता काय मिळेल?" बायकोने विचारलं.

"मॅडम, महाबळेश्वर. जुलै."

गोव्याच्या साधारण दुप्पट पाऊस महाबळेश्वरला पडतो. त्या हिशोबाने आम्ही फायद्यातच होतो. बायकोने फोन ठेवला आणि स्वित्झर्लंडची विंडो बंद केली.

आता मेहुण्याची पाळी. स्वतःचा आठवडा जमा न करता भाड्याने देता येतो. रिसॉर्टला पाहुण्यांच्या नावाचं पत्र आणि ओळखपत्रांच्या प्रती पाठवल्या की झालं. त्याने ऑनलाइन जाहिरात टाकली, फोटो जानेवारीतले. नंबर माझा.

पहिल्याच गृहस्थांनी विचारलं, "मासे ताजे मिळतील ना?" दुसऱ्यांना पंधरा जण न्यायचे होते, "पोरं काय, खाली गादी टाकून झोपतात." तिसऱ्या बाई अभ्यास करून आल्या होत्या. "अहो, याच रिसॉर्टची खोली हॉटेल बुकिंगच्या साइटवर तुमच्यापेक्षा स्वस्त आहे. शिवाय नाश्ता फुकट." मी जाऊन पाहिलं. खरं होतं. अण्णांची मालकी नसती, तर आम्हाला आमची खोली कमी पैशांत मिळाली असती.

मी भाव उतरवत राहिलो. नाताळचा आठवडा असता तर मी डोळे मिटून एक्सचेंजला टाकला असता आणि वर दोन अटी घातल्या असत्या. निळ्या आठवड्याला मात्र भाडंच बरं. मेंटेनन्सचा निम्मा भाग निघाला तरी तो रोख निघतो, आणि महाबळेश्वरला जावं लागत नाही.

शेवटी सांगलीचे एक निवृत्त मास्तर तयार झाले. आषाढी एकादशीनंतर गोव्यातल्या माशेलच्या देवळासमोर चिखलकाला, म्हणजे चिखलातल्या खेळांचा उत्सव होतो, तो त्यांना बघायचा होता, आणि यंदा तारीख नेमकी आमच्या आठवड्यात येत होती. मासे ते खात नव्हते. समुद्रात उतरायचा प्रश्न नव्हता. असा भाडेकरू त्या आठवड्यासाठीच जन्माला आला असावा.

गोव्याहून त्यांचा फोन आला. खुशीत होते. "अहो, काय हिरवंगार आहे! गर्दी नाही, गोंगाट नाही. तुमचा हा आठवडा मी कायमचा विकत घेऊ का?"

"घ्या!" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणालो. "ट्रान्सफरचा खर्चही मी करतो."

"ठरलं तर. आणि ते मेंटेनन्स का काय म्हणतात, ते किती येतं वर्षाला?"

मी आकडा सांगितला. फोन कट झाला. पावसात तिकडे रेंज जाते म्हणतात.