'सावध गुंतवणूकदार' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

"अर्धवट ज्ञानावर लोकांना वॉलेटच्या नादी लावू नका, सामान्य माणसाने कॉइन एक्स्चेंजवरच ठेवावेत." क्रिप्टो वॉलेट (आपल्या कॉइनची किल्ली आपल्याकडेच ठेवणारं अ‍ॅप किंवा उपकरण) सुरक्षित कसं वापरावं यावरच्या माझ्या लेखाखालचं हे तुमचं वाक्य. मुद्द्याचं नंतर बघू, आधी हे 'अर्धवट ज्ञान' काय प्रकरण आहे? समोर बसून असं बोलला असतात का? स्वतःचं नाव लावायची हिंमत नाही आणि म्हणे 'सावध'! असो.

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून (कॉइनच्या खरेदी-विक्रीची साइट) २३ कोटी डॉलरच्या आसपास क्रिप्टो चोरीला गेलं, तेव्हा ज्यांचे कॉइन तिथे होते ती सामान्यच माणसं होती ना? महिनोन्‌महिने विथड्रॉल बंद, नुसते मेल पाठवत बसली बिचारी. माझेही पैसे पूर्वी एका एक्स्चेंजवर अडकलेत, नाव घेत नाही, सपोर्टवाल्यांचं ठरलेलं उत्तर, "तुमची तक्रार नोंदवली आहे". तेव्हापासून ट्रेडिंगचं वॉलेट वेगळं, त्यात लागेल तेवढंच, बाकी सगळं हार्डवेअर वॉलेटवर (किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण) आणि ते मी कुठल्याच साइटला जोडत नाही, सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेट परत मिळवायच्या गुप्त किल्लीचे, २४ शब्द कागदावर, मोबाइलमध्ये फोटोसुद्धा नाही. याला तुम्ही अर्धवट म्हणा, खुशाल.

एक गोष्ट मान्य, डिसकनेक्ट (वॉलेटची साइटशी जोडणी तोडणं) आणि रिव्होक (साइटला दिलेली परवानगी रद्द करणं) यातला फरक मी एका ओळीत उरकला. साइट डिसकनेक्ट केली तरी आधी दिलेलं अप्रूव्हल, म्हणजे आपले कॉइन हलवायची परवानगी, तसंच राहतं, ते काढायला वेगळं ट्रान्झॅक्शन करावं लागतं, त्याला थोडा गॅस (नेटवर्कची फी) जातो. पण "तुम्ही अनलिमिटेड अप्रूव्हल द्यायला सांगता" हे साफ खोटं! मेटामास्क या वॉलेटमध्ये अप्रूव्ह करताना रकमेच्या जागी अनलिमिटेड किंवा भलामोठा आकडा दिसला तर तो एडिट करा, १०० यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं कॉइन) विकायचे असतील तर १००च टाका, हे स्क्रीनशॉटसकट दिलंय. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या क्रिप्टो प्रकल्पाची साइटच हॅक झालेली, ओळखीची साइट म्हणून लोकांनी पॉपअप न वाचता अप्रूव्हल दिलं आणि सुमारे १२ कोटी डॉलर गेले. लेखात हे आहे हो, खाली स्क्रोल करायचे कष्ट घ्यायचे.

क्रिप्टोवरचा ३० टक्के कर आणि १ टक्का टीडीएस यांवर तुम्ही जे पुराण लावलंय तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. वॉलेटच्या पत्त्याची फक्त पहिली-शेवटची चार अक्षरं बघून पैसे पाठवू नयेत, हेही मला शिकवायची गरज नाही.

पुढच्या वेळी लेख पूर्ण वाचून लिहा, आणि तुमचे कॉइन कुठल्या एक्स्चेंजवर आहेत तेही सांगा की जरा.